किडनीत गाठ दिसली म्हणून लगेच किडनी काढू नका, आधी सुईच्या तपासणीचं विचारा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

पत्र लांबलं आहे. जागा कमी पडली तर कुठूनही कापा, फक्त खाली तपासणीचा तुकडा ठेवायच्या बाटलीबद्दल लिहिलं ते राहू द्या, कारण ते दुसरं कोणी लिहिणार नाही.

मी एका मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजीच्या हिस्टो सेक्शनला, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे तपासतात तिथं, टेक्निशियन होतो, रिटायर झाल्यावर दारव्ह्याकडं गावी येऊन राहिलो. गावात एकदा कळलं का हा माणूस दवाखान्यात होता, मंग तुम्ही डॉक्टर असा नाहीतर वॉचमन, सगळ्यांचे रिपोर्ट तुमच्याच ओट्यावर येतात. पहिले शुगरचे यायचे, काविळीचे यायचे, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे तर नेहमीचेच. आता काही वर्षांपासून सोनोग्राफीचे जास्त येऊन राहिले आणि त्यात किडनीवर गाठ ही ओळ मधूनमधून दिसून राहिली. माणूस जातो पोटदुखीसाठी, खडा असेल म्हणून तालुक्याच्या ठिकाणी सोनोग्राफी करतो, खडा राहतो बाजूला आणि गाठच सापडते. पूर्वी किडनीचा कॅन्सर कळायचा तो लघवीतून रक्त जायला लागल्यावर, नाहीतर कुशीत हाताला गोळा लागल्यावर, म्हणजे बराच उशीर झाल्यावर. आता दोन-अडीच सेंटीमीटरची, काडीचा त्रास नसलेली गाठ सहज दिसते. ही गोष्ट चांगलीच आहे, पण पुढं जे होते ते नेहमी चांगलं होते असं नाही.

गेल्या साली शेजारच्या गावचा एक पोरगा आईचा सीटी घेऊन आला. बाई पन्नाशीतल्या, शुगर आहे, बीपी आहे. डाव्या किडनीच्या खालच्या टोकाला २.६ सेंटीमीटरची गाठ. एका खाजगी दवाखान्यात सांगितलं की कॅन्सर दिसतो, पूर्ण किडनी काढावी लागेल, सोमवारी भरती करा, उशीर केला तर पसरेल. पोरगा माझ्याकडं आजाराचं विचारायला आलाच नव्हता, तो विचारत होता का काका, तूर आता विकू का थांबू, भाव पडला आहे. मी म्हटलं तुरीचं मंग पाहू, गाठीतला तुकडा काढून तपासला का? तर नाही. कोणी बोललंच नाही त्यावर. आणि वरून घरातली म्हातारी म्हणे, "सुई टोचली का ते अंगभर पसरते, आमच्या भावाचं तसंच झालं."

त्यांना मी सरकारी मेडिकल कॉलेजच्या युरोलॉजीत पाठवलं. तिथल्या डॉक्टरनं सीटी पाहून स्वतःच सांगितलं का आधी बायोप्सी करू, म्हणजे सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासू. रिपोर्ट आला अँजिओमायोलिपोमा, त्यातही कमी चरबीवाला प्रकार. म्हणजे साधी गाठ, कॅन्सर नाही. गाठ चार सेंटीमीटरच्या खाली, त्रास नाही, म्हणून ठरलेल्या वेळी सोनोग्राफी करत राहायची आणि वाढते का ते पाहायचं. किडनी जिथल्या तिथं आहे. शुगर-बीपीवाल्या माणसाची एक किडनी गेली तर उरलेलीवर सगळा भार येतो, आणि शुगरनं तीही हळूहळू कमजोर होऊन राहिलेली असते, हे आपल्याकडं कोणी हिशोबात धरत नाही.

पहिल्या दवाखान्याला मी शिव्या घालत नाही. त्यांचं वाचन चूक होतं असंही म्हणत नाही. सीटीमध्ये डाय दिल्यावर गाठ उजळली का कॅन्सरची शंका घ्यायचीच असते. अँजिओमायोलिपोमात चरबी भरपूर असली तर सीटीतच ओळखू येते, तिथं सुईची गरजच नाही. पण चरबी कमी असली तर ती कॅन्सरसारखीच दिसते. ऑन्कोसायटोमा नावाची दुसरी एक साधी गाठ आहे, तिचंही तेच. कितीही भारी मशीन आणा, फोटोवरून या दोन्ही भरवशानं वेगळ्या काढता येत नाहीत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं (आपलं नागपूरचं मेयो नव्हे, गावात सांगितलं तर लोकांना तेच वाटते) ऑपरेशननं काढलेल्या २,९३५ गाठींचा हिशोब २००३ साली छापला होता. एक सेंटीमीटरपेक्षा लहान गाठींपैकी ४६ टक्के साध्या निघाल्या, आणि सात सेंटीमीटर किंवा त्याहून मोठ्या गाठींत साध्या फक्त ६ टक्क्यांच्या आसपास. चार सेंटीमीटरपर्यंतच्या घेतल्या तर साधारण पाचातली एक साधी असते. म्हणजे लहान गाठीवाले पाच जण सरसकट ऑपरेशनला नेले, तर त्यातला एक जण कॅन्सर नसताना टेबलावर जातो. पाचातले चार कॅन्सरचेच असतात हेही तेवढंच खरं, म्हणून गाठ लहान आहे म्हणून घरी बसून राहा असं कोणी माझ्या नावानं सांगू नये.

आता ही सुईची तपासणी होते कशी ते लिहितो, कारण अर्धी भीती माहिती नसल्याची आहे. गळ्याच्या गाठीला सुई टोचून सिरिंजनं ओढतात ती एफएनएसी, ती आपल्या लोकांना माहीत आहे, त्यात सुट्या पेशी येतात. किडनीच्या गाठीसाठी कोअर बायोप्सी बरी, त्यात अख्खा तुकडा निघतो. पेशंटला सोनोग्राफीखाली नाहीतर सीटीच्या टेबलावर पालथं किंवा कुशीवर झोपवतात, पाठीकडून जागा पाहतात, कातडीपासून आतपर्यंत बधिर करायचं इंजेक्शन देतात. पूर्ण भूल लागत नाही. श्वासासरशी किडनी वर-खाली सरकते म्हणून डॉक्टर सांगतात का श्वास धरा, आणि जेवढा पहिल्यांदा धरला तेवढाच दर वेळी धरायचा असतो, तिथं घाबरून कमी-जास्त केला का गाठ सरकली. सोनोग्राफीत सुई आत जाताना चालू पडद्यावर दिसते, सीटीत थोडी घातली का फोटो, परत थोडी घातली का फोटो, असं करत जातात. मंग बायोप्सी गन चालते तेव्हा टक् असा मोठा आवाज होतो. तो आवाज आधी सांगून ठेवला नाही तर माणूस दचकतो आणि हलतो, म्हणून नातेवाइकांनी पेशंटला आधीच सांगावं.

बहुतेक १८ गेजची सुई वापरतात, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर जाड. आत येणारा तुकडा त्याहून बारीक, शेवईच्या तुकड्यासारखा, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांब. क्लिअर सेल प्रकारचा कॅन्सर असला तर पिवळसर दिसतो, किडनीच्या कॅन्सरात हाच प्रकार सगळ्यात जास्त. निदान दोन चांगले तुकडे पाहिजेत. गाठ मोठी असली तर मधला भाग सडलेला असू शकतो, म्हणून कडेचाही घ्यावा लागतो. नुसता मधला घेतला तर आमच्या हाती मेलेल्या पेशी येतात, त्यात पॅथॉलॉजिस्ट तरी काय वाचणार. चांगला तुकडा आला तर कॅन्सर आहे का नाही एवढंच नाही, तर कोणत्या जातीचा तेही बऱ्याच वेळा सांगता येते, क्लिअर सेल का पॅपिलरी का क्रोमोफोब. २०१६ साली युरोपियन युरॉलॉजी मासिकात ५७ अभ्यास एकत्र करून ५,२२८ पेशंटचा हिशोब आला होता, त्यात साधारण ९२ टक्के वेळा बायोप्सीतून निदान मिळालं, आणि कोअर तुकड्यातून कॅन्सर ओळखण्याची अचूकता ९९ टक्क्यांच्या घरात होती. गावच्या पारावर बसून "सुईनं काय कळते" म्हणणाऱ्यांसाठी हा आकडा.

आता म्हातारीच्या प्रश्नाचं. सुई टोचली का कॅन्सर पसरते का? ही भीती आडाणीपणाची नाही, एके काळी मोठमोठे डॉक्टरही याच कारणानं किडनीला सुई लावत नव्हते. सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजणं होऊ शकते, पण फार क्वचित. २०१९ साली इंग्लंडमधल्या एका मोठ्या सेंटरनं अशा सात केस प्रामाणिकपणे छापल्या, त्यातल्या बहुतेक पॅपिलरी जातीच्या होत्या. ते टाळायसाठी बाहेरून एक जरा जाड, १७ गेजची पोकळ सुई गाठीच्या तोंडापर्यंत एकदाच नेऊन ठेवतात आणि आतली सुई तिच्यातूनच आत-बाहेर करतात, म्हणजे तुकडा घेऊन येणारी सुई प्रत्येक वेळी पाठीच्या मांसाला घासत येत नाही. यालाच कोअॅक्सिअल म्हणतात. विचारायचं असेल तर हे विचारा, का डॉक्टर साहेब, कोअॅक्सिअल पद्धतीनं करणार ना? आणि म्हातारीच्या भावाचं बोलाल तर मी नंतर चौकशी केली, त्याला कळलं तेव्हाच फुप्फुसात डाग होते. सुई नंतरची. पण गावात क्रम असाच लक्षात राहते, आधी सुई झाली मंग माणूस गेला.

खरा धोका रक्तस्रावाचा. किडनीत रक्ताचा पुरवठा भरपूर, त्यामुळं आजूबाजूला थोडं रक्त साचणं नेहमीचं, बहुतेक वेळा ते आपोआप जिरते. लघवी एखाद-दोन दिवस लालसर येऊ शकते. रक्त चढवायची वेळ फार थोड्यांवर येते, आणि क्वचित एखाद्याला नस बंद करायची प्रोसिजर लागते. म्हणून आधी बीपी ताब्यात पाहिजे, प्लेटलेट आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागते ते) तपासलेलं पाहिजे. आपल्याकडं हार्टवाल्या लोकांच्या खिशात इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल अशा रक्त पातळ करायच्या गोळ्या असतात आणि नाव विचारलं तर सांगतात "ती लहान पांढरी". गोळ्यांची पाकिटंच सोबत न्या. कोणती किती दिवस बंद करायची ते डॉक्टर सांगतील, मनानं बंद करू नका, स्टेंट टाकलेल्यांनी तर मुळीच नाही. आणि बीपीची गोळी त्या दिवशी चुकवू नका, उपाशी राहायला सांगितलं म्हणून लोक बीपीची गोळीही सोडतात आणि टेबलावर बीपी १८० निघते का तपासणी रद्द.

तपासणी झाल्यावर चार-सहा तास झोपवून ठेवतात, सगळं ठीक असलं तर बरेचदा त्याच दिवशी सुट्टी. ही शहरातली पद्धत. आपल्याकडं सुट्टी म्हणजे काय तर संध्याकाळच्या एसटीत बसून चार तास हिंदकळत यायचं, पुढं फाट्यावरून पोराच्या मोटारसायकलवर. माझं सांगणं आहे का ती रात्र दवाखान्यातच काढू द्या म्हणून विनंती करा, नाहीतर शहरात कोणी पाहुणा असेल त्याच्याकडं राहा. पुढं आठवडाभर वजन उचलू नका, फवारणीचा पंप पाठीवर घेऊ नका. लघवीत रक्ताच्या गुठळ्या आल्या, लघवी अडली, कुशीत जोराचं दुखलं, चक्कर आली, तर सकाळची वाट पाहायची नाही.

सगळ्यांनीच सुई लावा असंही नाही, हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर उद्या माझंच पत्र दाखवून कोणी सर्जनशी भांडेल. माणूस धडधाकट आहे, गाठ सहा-सात सेंटीमीटरची, सीटीत चित्र स्पष्ट आहे, ऑपरेशन तसंही करायचंच आहे, तर सुईनं काही बदलत नाही, उगाच वेळ जातो. उलट एखादे आजोबा नव्वदीचे, खाटेवर, आणि काहीही निघालं तरी काही करायचं नाही असं घरानं ठरवलं, तर त्यांनाही टोचू नका. नुसत्या पाण्याच्या गाठीला, म्हणजे सिस्टला, बायोप्सी लागत नाही. लघवीच्या नळीच्या अस्तरातून आलेल्या कॅन्सरची शंका असली तर तिथं पाठीतून सुई टाळतात, दुर्बिणीनं पाहतात. पण गाठ लहान आहे, पेशंटला शुगर आहे, हार्ट आहे, एकच किडनी चालू आहे, किंवा गाठ काढायच्या ऐवजी जाळायचं नाहीतर गोठवायचं ठरलं आहे, तिथं आधी तुकडा पाहायलाच पाहिजे, जाळल्यावर तपासायला काय राहते. पूर्वी दुसरा कुठला कॅन्सर झाला होता आणि आता किडनीत गाठ दिसली तर तो तिथून आलेला आहे का हे पाहायला, आणि लिम्फोमाची, म्हणजे लसिकेच्या पेशींच्या कॅन्सरची शंका असली तरी तुकडा पाहिजेच, कारण लिम्फोमावर केमो असते, किडनी काढून काही उपयोग नाही.

आणि कॅन्सर निघाला तरी सगळी किडनीच काढावी लागते असं नाही. लहान गाठ असली आणि जागा बरी असली तर तेवढीच काढून बाकी किडनी वाचवतात, चार सेंटीमीटरच्या आतल्या गाठीसाठी जमत असेल तर हेच आधी पाहायचं असते. काही म्हाताऱ्या पेशंटमध्ये नुसतं लक्ष ठेवतात, कारण अशा लहान गाठी सरासरी वर्षाला तीन मिलिमीटरच्या आसपासच वाढतात. याचा अर्थ असा का बायोप्सीसाठी दोन-तीन आठवडे गेले तर बहुतेक वेळा आभाळ कोसळत नाही. "सोमवारी भरती व्हा" हे ऐकून तूर पडत्या भावात विकायची गरज नाही. दुसरं मत घ्या, चांगला डॉक्टर दुसऱ्या मताला रागावत नाही.

एक गैरसमज फारच दिसते. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन नॉर्मल आहे म्हणजे किडनी ठीक आहे, गाठबीठ काही नाही. क्रिएटिनिन सांगते का दोन्ही किडन्या मिळून काम कसं करून राहिल्या, एका किडनीच्या कोपऱ्यात गाठ असली तर ते बिलकुल वाढत नाही. आणि खारपाणपट्ट्यातले, अकोला-बुलडाण्याकडचे आमचे पाहुणे सगळं पाण्यावर ढकलतात. तिकडं खाऱ्या पाण्याचा आणि किडनीचा प्रश्न मोठा आहे, पण तो किडनी हळूहळू निकामी होण्याचा. कॅन्सरची गाठ हा वेगळा आजार, त्यात बिडी-सिगारेट, लठ्ठपणा आणि वाढलेलं बीपी ही नीट माहीत असलेली कारणं आहेत.

पूर्व विदर्भासाठी एक खास गोष्ट. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर इकडं सिकलसेल भरपूर. किडनीचा एक अतिशय दुर्मिळ पण फार आक्रमक कॅन्सर आहे, मेड्युलरी कार्सिनोमा, त्याचं नीट वर्णन १९९५ साली झालं आणि तो जवळपास नेहमी सिकलसेल असलेल्यांत, त्यातही एएस म्हणजे वाहक असलेल्या तरुण लोकांत सापडते. घाबरू नका, एएसवाल्या माणसाच्या लघवीत रक्त आलं तर बहुतेक वेळा त्याचं कारण दुसरं आणि साधं असते, हा कॅन्सर फारच क्वचित एखाद्याला होते. पण तरुण माणूस, लघवीत रक्त, किडनीत गाठ आणि खिशात एएसचं कार्ड, असं सगळं एकत्र आलं तर ते कार्ड डॉक्टरला दाखवायलाच पाहिजे आणि डॉक्टरनं ते बायोप्सीच्या फॉर्मवर लिहायलाच पाहिजे. लोक ते कार्ड लपवतात, लग्नाच्या भीतीनं.

फॉर्मवरून आठवलं, आता बाटलीकडं येतो. आमच्या सेक्शनला वर्षानुवर्षं जे फॉर्म आले त्यातल्या बऱ्याच फॉर्मवर हिस्ट्रीच्या रकान्यात काय लिहिलेलं असायचं तर "रीनल मास", म्हणजे किडनीची गाठ. बस. वय नाही, गाठ किती मोठी नाही, सीटीत काय दिसलं नाही, आधी कॅन्सर झाला का नाही. पॅथॉलॉजिस्ट मॅडम वैतागून मला म्हणायच्या, हा पेशंट बारा वर्षांचा आहे का बहात्तरचा ते तरी विचारा फोन करून, आणि फोन नंबरही लिहिलेला नसायचा.

आणि बाटली. तुकडा निघाल्या निघाल्या १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा सडू न देणाऱ्या द्रावणात, पडला पाहिजे, तुकड्याच्या निदान दहा पट फॉर्मॅलिन पाहिजे. बाहेरगावचे काही तुकडे यायचे ते सलाईनमध्ये. इंजेक्शनच्या रिकाम्या कुपीत, वरून चिकटपट्टी. फॉर्मॅलिन संपलं होतं म्हणून सलाईन टाकलं, दिसायला दोन्ही पाण्यासारखंच. सलाईनमध्ये तुकडा काही तासांत सडायला लागते, पेशींची कडा जाते, मंग मेणात बसवा, तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढा, रंग द्या, काचेवर दिसते काय तर गुलाबी धूर. पेशंटनं पाठीत सुई सोसली, गडी मजुरी बुडवून सोबत आला, रेडिओलॉजिस्टनं नेम बरोबर साधला, आणि दहा रुपयाच्या फॉर्मॅलिनसाठी सगळं वाया. कधी बाटली नातेवाइकाच्याच हातात द्यायचे, जा अमुक लॅबमध्ये नेऊन दे. ती पिशवीत, पिशवी डब्यासोबत, झाकण ढिलं. मी स्वतः पाहिलं आहे, एक माणूस एसटीतून उतरून आमच्या खिडकीशी आला, पिशवी पूर्ण ओली, डोळ्याला झोंबणारा वास, कंडक्टरनं त्याला मागच्या सीटवर बसवलं होतं, आणि बाटलीच्या तळाशी सुकून चिकटलेले दोन तुकडे. त्याला वाटलं मी रागावलो म्हणून तो माझ्या पाया पडायला लागला. राग त्याच्यावर नव्हता हो. बाटली त्याच्या हातात देणाऱ्यावर होता.

असं झालं का रिपोर्ट येते "इनअॅडिक्वेट". काही वेळा सगळं बरोबर करूनही येते, दहातल्या एकाला येऊ शकते, त्यात कोणाची चूक नसते. पण त्या शब्दाचा अर्थ गाठ साधी आहे असा नाही, अर्थ एवढाच का कळलं नाही. लोक रिपोर्ट वाचून पेढे वाटतात आणि परत जात नाहीत. तिथं परत बायोप्सी करायची का सरळ ऑपरेशन, हे डॉक्टरसोबत बसून ठरवायचं असते. तसंच ऑन्कोसायटोमासारखं दिसते असं लिहून आलं तरी लक्ष ठेवावं लागते, कारण क्रोमोफोब कॅन्सर सुईच्या तुकड्यात कधी कधी तसाच दिसते. वेगळे रंग, म्हणजे आयएचसी करून बरंच उलगडते, आमच्या त्या बाईंच्या गाठीचं एचएमबी-४५ या रंगावरूनच पक्कं झालं. त्याला आणखी काही दिवस लागतात, तेवढा धीर धरावा.

तर साहेब, मागणी काय. भामरागडचा माणूस नागपूरला यायचा म्हणजे तीनशे किलोमीटरच्या वर. त्यात आज सीटी, पुढच्या आठवड्यात बायोप्सीची तारीख, मंग रिपोर्ट घ्यायला परत, मंग रिपोर्ट दाखवायला परत. आता यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया, अकोला, गडचिरोली सगळीकडं सरकारी मेडिकल कॉलेज झालं आहे. या प्रत्येक ठिकाणी आठवड्यातून एक ठरलेला दिवस सुईच्या बायोप्सीचा असावा, फक्त किडनीचाच नाही, लिव्हर, फुप्फुस सगळ्यांचा, आणि तो दिवस तालुक्याच्या डॉक्टरांना माहीत असावा. त्यासाठी नवीन बिल्डिंग लागत नाही. सोनोग्राफी मशीन आहे, सीटी आहे, लागते तो हात बसलेला रेडिओलॉजिस्ट, आणि ती जागा रिकामी ठेवायची नाही. रक्तस्राव झाला तर सांभाळणारे सर्जन तिथं असतात म्हणूनच मी मेडिकल कॉलेज म्हणतो, तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात कोणी हे हौसेनं करू नये.

दुसरं पैशाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखापर्यंतचे उपचार मिळतात, ऑपरेशन त्यात बसते, त्याबद्दल तक्रार नाही. पण योजना भरती करून होणाऱ्या उपचाराच्या पॅकेजवर चालते, आणि भरतीच्या आधी बाहेर करायला सांगितलेली सीटी, बायोप्सी, आयएचसी गरीब माणूस खिशातून करतो. मंग तो म्हणते ऑपरेशन फुकट आहे आणि तपासणीला पैसे लागतात, तर ऑपरेशनच करून टाका. इतका उलटा हिशोब मी कुठं पाहिला नाही. ऑपरेशन नको असं सांगणारी तपासणी सरकारलाही स्वस्त पडते, तिला योजनेत वेगळी जागा द्या, ऑपरेशन झालं नाही तरी.

तिसरं, तुकडा बायोप्सी झाली तिथूनच लॅबला दवाखान्याच्या माणसानं पोचवावा, नाव लिहिलेल्या, घट्ट झाकणाच्या, फॉर्मॅलिन भरलेल्या बाटलीत, नातेवाइकाच्या पिशवीत नाही. आणि रिपोर्ट तयार झाला का फोनवर कळवावा, आता गावोगावी व्हॉट्सअॅप आहे.

आपला वाचक,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ

ता.क. : सोनोग्राफीचे फोटो लोक जपून ठेवायचे म्हणून झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशन करून घेऊन राहिले. ते फोटो बहुतेक थर्मल कागदावर असतात, लॅमिनेशनच्या गरमीनं पूर्ण काळे होतात. गाठ वाढली का नाही हे पाहायला जुना फोटो आणि त्यावरचं माप लागते, तर त्याची झेरॉक्स काढा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा, सीटीची सीडी मागून घ्या. लॅमिनेशन करू नका.